चावी पडली की घंटा

४ फेब्रुवारी

प्रिय मामा,

तुझं पत्र आलं तेव्हा आम्ही नव्या ध्वनियंत्रणेच्या वायरी टाकत होतो, म्हणून उत्तराला तीन आठवडे लागले. हे कारण आहे, सबब नाही.

बातमी अशी की आमचं नाट्यगृह तुझं नाटक पुन्हा करतंय. 'तुझं' म्हणते, कारण आई अजून तसंच म्हणते. दिग्दर्शन बाईंचं आहे. मी संहिता आत्ताच पहिल्यांदा वाचली. तुला चारशे प्रयोगांनंतर कथा सांगणं हास्यास्पद आहे, पण मला काय समजलं ते तपासून दे. एक किल्लेदार आहे. त्याच्या धाकट्या भावाच्या खिडकीत रोज संध्याकाळी दिवा लागतो. भावाला लहानपणापासून अंधाराची भीती वाटते, आणि हे सांगायची त्याला लाज वाटते. कारभारी किल्लेदाराला एवढंच सांगतो की आजही दिवा होता. बाकीचं किल्लेदार स्वतःच जुळवतो: भाऊ शत्रूला खुणा करतोय. शेवटी भाऊ लढाई जिंकून परत येतो तेव्हा किल्लेदार दरवाजा उघडत नाही. भाऊ बाहेर मरतो. मग बुरुजावरची घंटा वाजते आणि विजयाची बातमी कळते. बरोबर?

मी कारभाऱ्याची सगळी वाक्यं पेन्सिलने तपासली. एकशे अठरा आहेत. त्यांत खोटं एकही नाही. हे मला आवडलं. म्हणजे, रचना म्हणून आवडलं.

आमचा कारभारी मात्र भुवया उडवतो आणि मिशीला पीळ देतो. प्रेक्षक त्याला पहिल्याच प्रवेशात ओळखतील आणि किल्लेदार मूर्ख ठरेल. तू कसं करायचास ते चार ओळींत लिही, मी त्याला देईन.

नाटक एप्रिलमध्ये दौऱ्यावर जाणार आहे. अकरा शहरं. ध्वनिप्रमुख म्हणून बाईंनी आमच्या ध्वनीच्या खोलीतल्या भाऊंचं नाव लावलं. यंत्रणा मी आखली होती, पण भाऊ तीस वर्षं आहेत, तेव्हा ते रीतसर आहे. मला त्याचं काही वाटलं नाही.

एक विचारायचं होतं. भाऊ नेहमी डावी बाजू भिंतीकडे करून का बसतात? चहाच्या टपरीवरसुद्धा. तू त्यांना इतकी वर्षं ओळखतोस, म्हणून विचारते.

मामीला नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत?

तुझी भाची

११ फेब्रुवारी

माझे मोजपट्टी,

खूप खूप आशीर्वाद, पाहिजे तर मोजून घे. एकशे अठरा वाक्यं! मी चारशे प्रयोग केले, पण माझी वाक्यं किती ते मला आजवर ठाऊक नव्हतं. तुझ्या मामीला वाचून दाखवलं तर म्हणाली, "घरात त्याहून जास्त बोलतात, तीही मोजायला सांगा तिला."

कथा तू बरोबर सांगितलीस. किल्लेदार मूर्ख ठरला की नाटक संपलं, हेही बरोबर. आता तुझ्या मिशीवाल्याला सांग.

एक. कारभाऱ्याने आधी कौतुक करावं. ज्याचा गळा कापायचाय त्याचं, आणि मनापासून. "धाकट्या सरकारांसारखा तलवारीचा हात कुणाचा नाही." हे म्हणताना मला दर वेळी खरंच तसं वाटायचं.

दोन. वाक्य अर्धं सोडावं. उरलेलं समोरचा पुरं करतो, आणि माणूस आपण पुरं केलेल्या वाक्यावर जितका विश्वास ठेवतो तितका देवावरही ठेवत नाही.

तीन. जायला निघावं. दारापर्यंत जावं. त्याने हाक मारून परत बोलवलं पाहिजे. कारभारी स्वतःहून काहीच सांगत नाही, त्याच्याकडून काढून घ्यावं लागतं.

एवढं केलंस की भुवया जागेवर राहतात. यानेच तर एकदा किराणा दुकानातल्या बाईने मला साखर द्यायला नकार दिला होता. म्हणाली, "तुमच्यासारख्याला द्यायची नाही." मी घरी येऊन नाचलो होतो.

भाऊचं विचारलंस. हे तुझ्यापाशीच ठेव. त्याला डाव्या कानाने ऐकू येत नाही, मुळीच नाही. आमच्या वेळी दुसऱ्या अंकात तोफ होती. लोखंडी नळीत खरी दारू ठासायचे आणि विंगेत उडवायचे. भाऊच्या हातून एकदा जरा घाई झाली. कान गेला. कळलं असतं तर ध्वनीच्या खोलीतून काढलाच असता, म्हणून त्याने कुणाला सांगितलं नाही. मी आणि तो, दोघांनाच ठाऊक, आता तू तिसरी. एका कानाने तो दोन कानांच्या लोकांपेक्षा चांगलं ऐकतो, हे तू बघितलं असशीलच. तुला त्याच्या हाताखाली मुद्दाम घातलं होतं मी. तो म्हणाला होता, "तुझी भाची म्हणजे तपासायला नको."

दौऱ्याचं मनाला लावून घेऊ नकोस. 'काही वाटलं नाही' असं माणूस लिहितो तेव्हा काहीतरी वाटलेलं असतं. पुढचा दौरा तुझा.

गुडघे आहेत, एवढंच म्हणता येईल.

तुझा मामा

२१ फेब्रुवारी

प्रिय मामा,

तुझ्या तिन्ही गोष्टी उपयोगी पडल्या. विशेषतः दुसरी. अर्ध्या वाक्यानंतर साधारण दोन सेकंद थांबावं लागतं. त्याहून कमी थांबलं तर समोरचा वाक्य पुरं करत नाही, आणि जास्त थांबलं तर विषय बदलतो.

नव्या यंत्रणेबद्दल तू विचारलं नाहीस, तरी लिहिते. भाऊ प्रेक्षागृहाच्या मागच्या काचेच्या खोलीत बसतात. मी रंगमंचावर उजव्या विंगेत. नाटकातले सगळे आवाज भाऊ काचेतून बघून देतात. एकच आवाज असा आहे की तो बघून देता येत नाही: शेवटची घंटा. किल्लेदार प्रेक्षकांकडे पाठ करून खांबाआड उभा असतो आणि त्याच्या हातातून दरवाजाची चावी गालिच्यावर पडते. ते फक्त विंगेतून दिसतं. चावी पडली की मी माइकमध्ये "द्या" म्हणते, भाऊंना ते हेडफोनमध्ये ऐकू येतं, आणि घंटा वाजते. एका सेकंदाच्या आत.

प्रयोगाआधी रोज चाचणी होते. मी विंगेतून एक ते पाचमधला कुठलाही आकडा बोलते, भाऊ तो परत सांगतात. ही भाऊंची जुनी पद्धत आहे. आकडा बदलता ठेवायचा, नाहीतर माणूस सवयीने उत्तर देतो, असं ते म्हणतात.

कारभाऱ्याबद्दल आणखी एक विचारायचं होतं. समोरच्याने वाक्य पुरं केलं, म्हणजे आपल्याला हवं तसं, तर त्यानंतर कारभाऱ्याला काय वाटतं? संहितेत काही नाही. तिथे फक्त 'जातो' असं लिहिलंय.

तुझी भाची

२७ फेब्रुवारी

माझे मोजपट्टी,

दोन सेकंद! मला हे कुणी चाळीस वर्षांपूर्वी सांगितलं असतं तर माझं डोकं कमी दुखलं असतं. तुझा मिशीवाला नशीबवान आहे.

त्याला काय वाटतं? बरं वाटतं. काम नीट झाल्यावर वाटतं तसं. लोक समजतात की खलनायक आतून जळत असतो. कसलं काय! नाटकात त्याच्याइतका कामसू माणूस दुसरा नाही. सगळ्यांची कामं करतो, वेळेवर येतो, सगळ्यांची गुपितं सांभाळतो. मी मेकअप उतरवून घरी यायचो आणि जेवताना तुझ्या मामीला काहीतरी सांगायचो, अगदी साधं, शेजाऱ्याबद्दल वगैरे. ती घास हातात धरून माझ्याकडे बघायची. म्हणायची, "हे तुम्ही बोलताय की तो?" मग मला वाटायचं. काय ते विचारू नकोस.

तुझ्या मिशीवाल्याला एवढंच सांग की प्रयोग संपला की तोंड नीट धुवायचं.

आम्ही दोघं पंधरा मार्चच्या प्रयोगाला येतोय. तुझी मामी गाडीची तिकिटं काढून बसलीये. भाऊला सांगू नकोस, मागच्या खोलीत जाऊन त्याला घाबरवायचं आहे. उजव्या बाजूने जाईन, काळजी नको.

तुझा मामा

९ मार्च

मामा,

तू पंधरा तारखेला येऊ नयेस असं मला वाटतं. गाडीचा प्रवास आठ तासांचा आहे आणि नाट्यगृहाला बेचाळीस पायऱ्या आहेत.

घडलं ते सांगते. सात मार्चच्या प्रयोगात शेवटची घंटा वाजली नाही. चावी पडली. मी "द्या" म्हटलं. तीन वेळा म्हटलं. भाऊंनी काही केलं नाही. किल्लेदार खांबाआड उभा राहिला. नवव्या सेकंदाला कारभाऱ्याने स्वतःच्या मनाने वाक्य घातलं, "ऐकलंत सरकार? घंटा!" घंटा वाजलीच नव्हती. तिसऱ्या रांगेत एक जण हसला, मग बरेच जण हसले. हसणं बघून भाऊंच्या लक्षात आलं आणि त्यांनी घंटा दिली. चौदा सेकंद उशीर. घंटा हसण्यात वाजली.

बाईंनी मला विचारलं, तू इशारा दिलास का. मी दिला होता, म्हणून दिला म्हटलं. चाचणी झाली होती का. झाली होती, आणि भाऊंनी आकडा बरोबर सांगितला होता.

भाऊंना विश्रांती घ्यायला सांगितलं आहे. दौऱ्याला ध्वनिप्रमुख म्हणून मी जाते.

तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी कळवावं म्हणून लिहिलं.

तुझी भाची

१३ मार्च

बाळ,

तुझं पत्र वाचून मी दुपारपासून खिडकीत बसून आहे. तुझी मामी दोनदा चहा ठेवून गेली, दोन्ही गार झाले.

तिकिटं परत केली. तू म्हणालीस म्हणून नाही. भाऊसमोर उभं राहायचं धाडस होत नाही म्हणून.

तुला मी खोटं सांगितलं होतं. भाऊच्या हातून घाई झाली नव्हती. तोफेचा इशारा माझा असायचा. दुसऱ्या अंकात मी दोनदा पाय आपटला की विंगेत बत्ती लावायची. त्या दिवशी प्रेक्षक माझ्यावर खूश होते, एका वाक्याला टाळी पडली, आणि त्या टाळीच्या भरात मी पाय आपटला. एकदा नव्हे, दोनदा. चार वाक्यं आधी. भाऊ नळीवर वाकून दारू ठासत होता. बत्ती दुसऱ्याच्या हातात होती, त्याने इशारा ऐकला आणि लावली.

नंतर बत्तीवाल्याने अंग काढून घेतलं, आणि सगळे म्हणाले, भाऊने घाई केली. भाऊ रुग्णालयात होता. मी तिथे उभा होतो, मी काही म्हटलं नाही. खोटं बोललो नाही, गप्प राहिलो. तूच सांग, त्याला काय म्हणायचं. एकशे अठरा वाक्यांत ते बसतं का बघ.

आता तो उजवा कानही गेला असणार. एकावर तीस वर्षं सगळा भार टाकला की दुसरं काय होणार? त्याची रोजी, त्याची खुर्ची, सगळं माझ्या एका पायामुळे. मी त्याला आजच पत्र लिहितोय. माफी मागतोय. फार उशीर झाला, पण मागतोय.

तू त्याच्याकडे जाऊन येशील का? तो तुझ्यावर फार जीव टाकतो. निदान दुपारी एकदा जाऊन बस त्याच्यापाशी. उजव्या बाजूला बस.

तुझा मामा

१८ मार्च

मामा,

भाऊंचा उजवा कान चांगला आहे. तुझ्या पायाचा याच्याशी संबंध नाही.

हे पत्र मी चार वेळा लिहिलं. पहिल्या तीन मसुद्यांत मी सगळं खरं लिहिलं होतं आणि तरी मी निर्दोष दिसत होते. म्हणून फाडले. हा क्रमाने लिहिते.

कारभाऱ्याचं काम करणाऱ्याला मी तुझं एकही पत्र दाखवलं नाही. तो अजून मिशीला पीळ देतो.

तुझं पहिलं उत्तर आलं त्याच्या तिसऱ्या दिवशी मी बाईंच्या खोलीत गेले. म्हटलं, भाऊंसारखं काम कुणाला येत नाही. ते खरं आहे आणि म्हणताना मलाही तसंच वाटत होतं. मग म्हटलं, "दौऱ्यात मात्र रोज नवीन नाट्यगृह, आणि भाऊंना..." आणि थांबले. बाई म्हणाल्या, "भाऊंना काय?" मी म्हटलं, काही नाही, आणि दारापर्यंत गेले. त्यांनी हाक मारली. मी परत वळले आणि एवढंच म्हटलं, "त्यांच्या डावीकडून बोलू नका, त्यांना आवडत नाही." हेही खरं आहे. बाईंनी दोन सेकंद माझ्याकडे बघितलं. मला बरं वाटलं. काम नीट झाल्यावर वाटतं तसं. तुझं उत्तर यायच्या आधीच मला ते माहीत होतं. तरी मी तुला विचारलं, कारण ते दुसऱ्या कुणालाही वाटतं का हे मला बघायचं होतं.

भाऊंच्या हेडफोनचा उजव्या कानाचा स्पीकर पाच मार्चला बंद पडला. वायर आतून तुटली होती. भाऊंनी तो माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "बघशील का जरा?" मी उघडला, तुटलेली जागा सापडली. सोल्डरिंगचं काम होतं, चार मिनिटांचं. मी झाकण परत लावलं. मी काहीही मोडलं नाही. मोडलेलं तसंच ठेवलं. सात तारखेला भाऊंनी विचारलं, "झालं का?" मी म्हटलं, "तुमच्या खुर्चीवर ठेवलाय." तो खुर्चीवरच होता.

दुसऱ्या कुणीही तो लावला असता तर चालू आहे असंच म्हणाला असता, कारण डावा स्पीकर ठीक होता. उजवा बंद आहे हे फक्त एका माणसाला कळलं असतं, आणि त्याला ते चाचणीत कळायला हवं होतं.

चाचणी मी विंगेतून घेतली नाही. माइक घेऊन भाऊंच्या खोलीत गेले आणि म्हटलं, "इथेच आहे तर इथूनच घेऊ." त्यांच्यासमोर दोन हातांच्या अंतरावर उभी राहून म्हटलं, "चार." हेडफोनची गादी पातळ आहे. आवाज गादीतून जातो, आणि ओठ तर दिसतातच. भाऊ म्हणाले, "चार." आणि हसले. म्हणाले, "आज चहा माझ्याकडून."

मग मी विंगेत गेले आणि तास दीड तास त्या चावीची वाट बघत बसले. 'द्या' तीनदा म्हणायचं हे मी आधी ठरवलं होतं. एकदा म्हटलं असतं तर कुणी म्हणालं असतं की मी हळू बोलले.

यानंतरचं मी तुला लिहिलं नव्हतं. प्रयोग संपल्यावर सगळे रंगमंचावर जमले होते. बाई भाऊंच्या डावीकडे जाऊन उभ्या राहिल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "भाऊ, घरी जा आता." भाऊ समोर बघत राहिले. बाई परत म्हणाल्या. भाऊ तसेच. सगळे बघत होते, प्रकाशवाला, कपडेवाली, किल्लेदार, सगळे. मग भाऊंनी चेहऱ्यांवरून ओळखलं की कुणीतरी काहीतरी बोललंय. आधी ते चुकीच्या बाजूला वळले. मग बरोबर बाजूला. आणि म्हणाले, "काही म्हणालात का?"

मी विंगेच्या पडद्यापाशी उभी होते. ही चाचणी बाईंना मी शिकवली होती.

तू भाऊंची माफी मागतोयस. ती मागू नकोस असं मला म्हणता येत नाही, पण या घंटेसाठी मागू नकोस.

भाची

२४ मार्च

तुझं पत्र मिळालं.

पत्राला काय म्हणून सुरुवात करायची ते कळलं नाही, म्हणून तशीच केली.

मी भाऊला पत्र तुझं यायच्या आधीच टाकलं होतं. काल त्याचं उत्तर आलं. तोफेबद्दल लिहिलंय, "तू दोनदा पाय आपटलास, मला ठाऊक होतं. मी वाकलेला असलो तरी पाय ऐकू आला, त्या कानाने ऐकलेलं ते शेवटचं. वर्षभर वाट पाहिली तू सांगशील म्हणून. मग सोडून दिलं." एवढंच. आणि खाली, "तुझी भाची हुशार आहे, दौरा चांगला सांभाळेल."

ती शेवटची ओळ तुझ्या मामीने मोठ्याने वाचली आणि चष्मा काढून ठेवला. तुझं पत्र मी तिला दाखवलं नव्हतं. तरी तिने विचारलं, "पोरीने काही केलंय का?" मी तिला सगळं सांगितलं. आता एका घरात आम्ही दोघं आणि तुझी गोष्ट राहतो.

रागावून लिहायचं ठरवलं होतं. पण कान माझ्यामुळे गेला, त्याचं गुपित मी तुला सांगितलं, आणि ते वापरायचं कसं तेही मीच लिहून दिलं, एक, दोन, तीन घालून. मी कुठे उभा राहून रागावू?

पण एक सांगतो. मला लिहून तू मोकळी झालीस असं समजू नकोस. मलाही तसंच वाटलं होतं, भाऊला पत्र टाकलं तेव्हा. पेटीत टाकलं आणि हलकं वाटलं. ते हलकं वाटणं खोटं होतं. पत्र लिहिणं सोपं आहे. समोरचा दिसत नाही.

मी कुणाला काही सांगणार नाही. सांगायचं तर तू. बाईंना, आणि भाऊला. तोंडाने. आणि पूर्ण वाक्यांत.

तोवर मला लिहू नकोस.

मामा

६ एप्रिल

मामा,

सांगितलं. दोघांना.

आधी बाईंना, एकतीस तारखेला, त्यांच्या खोलीत. उभं राहून. त्यांनी मध्ये दोनदा माझं वाक्य पुरं करायचा प्रयत्न केला. एकदा म्हणाल्या, "म्हणजे हेडफोन दुरुस्त करायचा राहून गेला." मी म्हटलं, नाही, राहून गेला नाही, मी ठेवला. त्या बराच वेळ टेबलावरच्या कागदाच्या कडा सारख्या करत बसल्या. मग म्हणाल्या, "आणि मी ते त्यांच्या डाव्या बाजूला उभं राहणं... ते सगळ्यांसमोर." त्यांना माझ्याइतकीच स्वतःचीही लाज वाटत होती, आणि तीही मीच दिलेली होती.

दौऱ्यावरून माझं नाव काढलं. भाऊंचं परत लावायचं होतं, पण भाऊच नाही म्हणाले. "आता प्रत्येक गावात लोक माझ्या डावीकडे उभे राहून बघतील," म्हणाले. दौऱ्याला बाहेरचा माणूस घेतला आहे. म्हणजे मी सांगितलं तरी जे मोडलं ते दुरुस्त झालं नाही. मला वाटलं होतं होईल. माझं हे गणित चुकलं.

भाऊंच्या घरी मी दुपारी गेले. ते खिडकीपाशी एक रेडिओ उघडून बसले होते. मी उजव्या बाजूला बसले आणि सांगितलं. कुठेही थांबले नाही. ते हातातला स्क्रू फिरवत होते. माझं संपल्यावर त्यांनी एकच विचारलं, "चार म्हणालीस तेव्हा तुला ठाऊक होतं?"

मी म्हटलं, "हो."

"मी म्हटलं, आज पोरगी खोलीत आली, जवळून बोलली," ते म्हणाले. "मला बरं वाटलं होतं गं."

मग त्यांनी स्क्रू बशीत ठेवला. आतून त्यांची मुलगी म्हणाली, "बाबा, चहा टाकू का दोघांना?" भाऊ म्हणाले, "एकच टाक." मी उठले.

दारात मला वाटलं, ते हाक मारतील. मारली नाही.

बाई मला नोकरीवरूनच काढणार होत्या. नंतर कपडेवालीकडून कळलं की भाऊंनी त्यांना सांगितलं, काढू नका, तिचं काम चांगलं आहे. कपडेवाली म्हणाली, "बघ, किती मोठ्या मनाचा माणूस." मी भाऊंचे आभार मानायला गेले. ते म्हणाले, "मी कामाबद्दल बोललो. तुझ्याबद्दल नाही."

ते कालपासून परत त्यांच्या खुर्चीवर आहेत. दुसरं नाटक आहे, छोटं, त्यात घंटा नाही. हेडफोन मी दुरुस्त केला आहे. चार मिनिटंही लागली नाहीत, तीन मिनिटं दहा सेकंद लागली.

काल प्रयोगाआधी चाचणी झाली. मी विंगेतून बोलायला निघाले होते. भाऊंनी हाताने थांबवलं. म्हणाले, "इथेच. माझ्या मागे उभी राहा." मी त्यांच्या पाठीमागे उभी राहिले, माइक तोंडाशी अगदी जवळ धरून, गादीतून ऐकू जाऊ नये इतकं हळू म्हटलं, "दोन."

"दोन," भाऊ म्हणाले.

मग त्यांनी हेडफोन काढला नाही. काचेवर टकटक करून रंगमंचावरच्या प्रकाशवाल्याला खूण केली. तो आला, माझ्या हातातला माइक घेऊन विंगेत माझ्या जागी गेला, आणि भाऊंनी माझ्यादेखत सगळी चाचणी पुन्हा पहिल्यापासून घेतली.

आजही तसंच केलं. उद्याही करतील. तेवढा वेळ मला तिथेच मागे उभं राहावं लागतं, आणि मी राहते.

तुझी भाची